मोंढ्यात काम होतं

दादाला जाऊन आता वर्ष होत आलं. या वर्षात माझं वाचन जवळजवळ थांबलं. पुस्तक उघडायचं, दोन पानं डोळ्यांखालून घालायची आणि मिटून ठेवायचं, असं चाललं आहे. मागच्या आठवड्यात कपाट आवरताना चिनी भाषेच्या धड्यांची माझी चौथी वही सापडली. तिच्यात एका शब्दाखाली लाल शाईची दुहेरी रेघ होती. ती वही मात्र मी शेवटपर्यंत वाचली.

चिनी भाषेची वही जालन्यात कशी, हे आधी सांगायला हवं. जालना जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास नव्या कचेऱ्या निघाल्या आणि त्यांतल्या एका कचेरीत मला आवक-जावक लिपिकाची नोकरी लागली. आलेल्या पत्रावर शिक्का मारून नोंद करायची, गेलेल्या पत्राचीही नोंद करायची. दिवसभर दुसऱ्यांची पत्रं हातांतून जात. मला स्वतःला पत्र येण्याचं काही कारण नव्हतं. आई-वडील आधीच गेले होते. दादा-वहिनी गावी, कुंभार पिंपळगावच्या अलीकडे, शेतावर. मी मुळातच कमी बोलणारा, त्यामुळे शहरात ओळखी फार झाल्या नाहीत.

मग एका संध्याकाळी रेडिओची सुई फिरवताना चीनहून लागणारं हिंदी प्रसारण सापडलं. खरखर खूप, पण मधूनमधून स्वच्छ हिंदी. शेवटी दहा मिनिटं चिनी भाषेचा धडा. मी गंमत म्हणून पत्र टाकलं. दीड महिन्याने एक जाड लिफाफा आला. त्यात हिंदीतून चिनी शिकवणारं पातळ पुस्तक होतं आणि पत्र विभागातल्या एका बाईंची चिठ्ठी: पाठ के नीचे दिए शब्दों से वाक्य बनाकर भेजिए, हम जाँच देंगे. आवक रजिस्टरात नोंद न करता जे पत्र मी प्रथमच घरी नेलं, ते हे.

पुढची कितीतरी वर्षं हा क्रम चालला. मी वाक्यं पाठवायची, बाईंनी लाल शाईने तपासून परत करायची, आणि आलेला कागद मी वहीत चिकटवायचा. माझं लग्न झालं, बायकोनेही तो क्रम घरातला एक माणूस असल्यासारखा सांभाळून घेतला. चिनी माणूस मी आजवर पाहिलेला नाही. बाईंचा आवाजही ऐकलेला नाही, कारण त्या प्रसारणात बोलत नसत, फक्त पत्रं बघत.

दादाला या गोष्टीची फार गंमत वाटे. तो महिन्यातून दोनदा जालन्याला यायचा. दार उघडं असलं तरी कडी वाजवायचा. खांद्यावरची पिशवी उंबऱ्याच्या आत ठेवायचा आणि नेहमीचं वाक्य म्हणायचा, "मोंढ्यात काम होतं. आल्तोच तर म्हणलं चक्कर टाकावं."

मोंढा म्हणजे आमच्याकडचा धान्याचा बाजार. पिशवीत मोसमाप्रमाणे मोसंबी, तुरीच्या शेंगा, कधी भुईमूग. आमच्याकडे थोरला दीर धाकट्या भावजयीशी थेट बोलत नाही. त्यामुळे दादा माझ्या बायकोला जे सांगायचं ते समोरच्या कॅलेंडरला सांगायचा.

"शेंगा आजच्या आज उकडल्या तर गोड लागत्यात म्हणावं."

आतून बायको कोणालाच उद्देशून न बोलता म्हणायची, "पातेलं ठेवलंय म्हणावं."

मग तो माझ्या टेबलाकडे बघायचा. "काय साहेब, चीनला काय कळवून राह्यला? ते लोक आपल्याशी लढाई करून गेले अन् तू त्यांला कागद लिहून राह्यला."

"ते वेगळे, दादा. या बाई आहेत. चुका काढतात."

"चुका काढायला चीनची बाई कामून पाहिजे? घरात हाय की एक."

आत पातेलं जरा जोरात वाजायचं आणि दादा कॅलेंडरकडे बघून हसायचा.

चहा, जेवण, तासभर बसणं. बोलणं थोडंच. साडेतीनच्या एसटीने तो परत जायचा. मी त्याला स्टँडवर सोडायला जायचो. हे इतकं नेमाने चाले की त्याविषयी विचार करावा असं मला कधी वाटलं नाही.

चौथ्या भागातले शब्द अवघड होते. नव्वदच्या पुढची ती वर्षं. एका धड्यात शब्द आला: 专程. उच्चार साधारण च्वानछंग. पहिलं अक्षर उंच, सपाट सुरात ओढायचं. दुसरं खालून वर न्यायचं, आपण "हो?" विचारताना आवाज चढतो तसं. पहिल्याचा अर्थ फक्त एक, दुसऱ्याकडून काही नाही असा. दुसऱ्याचा अर्थ वाट, मजल. त्या दुसऱ्या अक्षराच्या डाव्या अंगाला एक खूण असते, ती धान्याची. उभं ताट आणि वर वाकलेलं कणीस. मी ते अक्षर घोटून घोटून काढत होतो तेव्हा दादा मागे उभा होता.

"ही तर ज्वारी काढली रे तू."

मी थक्क होऊन म्हणालो, "धान्याचीच खूण आहे ती."

"मंग? मी शिकलो न्हाई म्हणून काय झालं. ज्वारी कळती मला." आणि त्या दिवशी तो पुन्हा पुन्हा ते सांगत राहिला, स्टँडवरही.

पुस्तकात शब्दाचा अर्थ दिला होता 'विशेष रूप से'. मी तेवढं वाचलं आणि दोन वाक्यं करून पाठवली. पहिलं होतं: सणाच्या दिवशी माझ्या बायकोने च्वानछंग पुरणपोळी केली. ते परत आलं तेव्हा त्यावर आडवी लाल रेघ होती आणि शेजारी बाईंनी हिंदीत लिहिलं होतं की या शब्दाला पाय लागतात. घर सोडून, वाट चालून कुणी कुठे गेलं तरच तो वापरायचा. स्वयंपाकघरात कुणी प्रवास करत नाही. मी बायकोला ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्यांना सांगा, पुरण वाटायला मी शेजारच्या गल्लीत पाट्यावर जाऊन आले होते." मी ते खरोखर कळवलं. पुढच्या पत्रात उत्तर आलं की मग पाट्यापर्यंत जाण्यापुरता शब्द वापरता येईल, पोळीसाठी नाही.

दुसऱ्या वाक्याची भानगड वेगळी होती. मी लिहिलं होतं: माझा थोरला भाऊ बाजाराच्या कामासाठी शहरात येतो आणि मला भेटायला च्वानछंग घरी येतो. शब्दाला आता पाय होते. तरीही बाईंनी त्यावर प्रश्नचिन्ह केलं होतं. खाली बारीक अक्षरात समजावलं होतं. या शब्दाबरोबर दुसरं काम चालत नाही. सगळी वाट एकाच कामासाठी चाललेली असली पाहिजे. भाऊ बाजारासाठी येत असेल आणि येता येता तुमच्याकडे डोकावत असेल, तर त्याला दुसरा शब्द आहे, तो तुम्ही दुसऱ्या भागात शिकलात. भाऊ फक्त तुमच्यासाठी येत असेल, तर बाजाराचा भाग काढून टाका. दोन्ही एकत्र राहू शकत नाहीत. आणि शेवटी: वास्तव में क्या है, कृपया पता करके लिखिए.

पता करके लिखिए. वाक्य दुरुस्त करायचं म्हणजे दादाचं काय ते शोधायचं, असं झालं. मी वही मिटली. लिपिकाच्या डोक्यात जे आधी यायला हवं होतं ते तेव्हा आलं. दादा येतो तो महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. आमच्या कचेरीला सुट्टी असते ती दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी. त्याचं मोंढ्यातलं काम माझ्या सुट्टीला धरून निघत होतं, आणि हे माझ्या इतकी वर्षं लक्षात आलं नव्हतं.

तरी खात्री हवी होती. एका बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मी मोंढ्यात गेलो. आमच्या वडिलांचा माल ज्या आडत दुकानात उतरायचा ते दुकान मला लहानपणापासून माहीत होतं. शेटजी थकले होते, पण गादीवर तेच बसत. मी ओळख दिली. त्यांनी पाणी मागवलं.

"दादांचा माल कसा काय चाललाय सध्या?" मी जमेल तितकं सहज विचारलं.

"कुठला माल?" शेटजी म्हणाले. "तुमचे वडील गेले तेव्हापासून तुमच्या घरचं एक पोतं इथं उतरलं न्हाई. तुमचे दादा तिकडंच देतात, कुंभार पिंपळगावला. गावाजवळ पडतं. बराबरच हाय त्यांचं."

"पण ते तर येतात इथं."

"येतात की. बिलकुल येतात. इथं बसतात, या खांबाला टेकून. अर्धा तास, कधी पाऊण तास. पाणी पितात, टोपी झटकतात, कोणाचा माल आला कोणाचा न्हाई विचारतात. मंग पिशवी उचलतात अन् म्हणतात, चला शेटजी, मोंढ्यातलं काम झालं."

शेटजी हसले नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काही वाटत नव्हतं. मी त्या खांबाकडे पाहिलं. माणूस टेकतो तेवढ्या उंचीवर चुना काळा, गुळगुळीत झाला होता. अर्थात तो एकट्या दादाने केलेला नव्हता.

परत येताना मला एकच गोष्ट सुचत होती. दादाला खोटं बोलता येत नसे. लहानपणी तो खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे. म्हणून तो आधी मोंढ्यात जाऊन बसायचा. म्हणजे "मोंढ्यात काम होतं" हे त्याच्यापुरतं खरं व्हायचं. दोन-अडीच तासांची एसटी, वर स्टँडपासून मोंढ्याची पायपीट, आणि खांबाला टेकून अर्धा तास. हे सगळं एवढ्यासाठी की "तुला बघावंसं वाटलं" हे म्हणावं लागू नये.

मी बाजाराचा भाग काढून टाकला आणि वाक्य पुन्हा पाठवलं. माझा थोरला भाऊ दर दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मला भेटायला च्वानछंग येतो. परत आलं तेव्हा शब्दाखाली ती लाल दुहेरी रेघ होती. बाईंची चिठ्ठी नेहमीपेक्षा मोठी होती. वाक्य बरोबर आहे, असं लिहून त्यांनी आणखी एक वापर शिकवला होता. हा शब्द येणाऱ्यापेक्षा ज्याच्या घरी तो येतो त्याच्या तोंडी अधिक शोभतो. यजमान म्हणतो, माझ्यासाठी तुम्हाला एवढी वाट चालावी लागली, मला संकोच वाटतो. तुम्ही भावाला तसं म्हणालात का?

मी म्हणालो नव्हतो. म्हणायला हवं, असं मला फार वाटलं. पुस्तकात लिहिलेलं मनावर घेण्याची माझी सवय जुनी आहे.

पुढच्या शनिवारी जेवण झाल्यावर मी घसा साफ केला. "दादा, तुला एवढ्या लांबून माझ्यासाठी मुद्दाम यावं लागतं. मला बरं वाटत नाही."

दादाने हातातली सुपारी डबीत परत टाकली. कान लाल झाले. "कोण म्हणलं मुद्दाम येतो? मोंढ्यात काम असतं म्हणून येतो. काम नसल तर कशाला खर्चा करू एसटीचा?"

"तसं नाही, मी..."

"तुला बरं वाटत न्हाई तर ऱ्हायलं." तो उठला. अडीच वाजले होते. साडेतीनची गाडी होती, पण तो निघाला. कॅलेंडरला काही सांगितलं नाही. मी चप्पल घालेपर्यंत तो कोपऱ्यावर वळला होता.

त्यानंतरच्या शनिवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बायकोने दोन्ही वेळा तांदूळ जास्त घेतले आणि दोन्ही वेळा रात्री फोडणीचा भात केला. तिसऱ्या वेळी तिने भाताचं पातेलं माझ्यासमोर आपटलं. "काय गरज होती सांगायची?"

"आभार मानले मी."

"ते चीनमध्ये. आपल्याकडं असं म्हणलं म्हणजे येऊ नका म्हणलं."

तिचं बरोबर होतं. त्याने इतक्या मेहनतीने जे झाकलं होतं ते मी चारचौघांत उघडं करावं तसं केलं होतं. भले त्या वेळी खोलीत आम्ही दोघेच होतो, आणि आत ती. त्याने पुन्हा यायचं तर आता त्याला कुठलं काम उरलं होतं? मोंढ्याचं नाव काढलं की मला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक. मी त्याची वाट बंद करून टाकली होती.

आठवडाभर विचार करून मी एक पोस्टकार्ड लिहिलं. आयुष्यभर खऱ्या पत्रांच्या नोंदी केलेल्या माणसाने लिहिलेलं ते पहिलं खोटं पत्र. दादांस साष्टांग नमस्कार. मोंढ्यातले शेटजी भेटले होते. तुझी फार आठवण काढत होते. तुझ्याकडे काही काम आहे म्हणतात, काय ते मला सांगितलं नाही. सवडीने येऊन जावे.

चौथ्या शनिवारी कडी वाजली. पिशवी उंबऱ्याच्या आत आली.

"शेटजीनं बोलावल्तं," दादा म्हणाला. "म्हणून आलो."

"झालं का काम?"

"झालं." मग टोपी झटकत, "पण पुरतं झालं न्हाई. पुन्हा यावं लागल असं दिसतंय."

"मोठं काम दिसतंय."

"मोठंच हाय." त्याचे कान या वेळी लाल नव्हते. तो कॅलेंडरकडे वळला. "मोसंबी आणलीय म्हणावं. जरा आंबट हाय यंदा."

आतून आवाज आला, "साखर हाय म्हणावं घरात."

मी बाईंना कळवलं की शब्दाचा अर्थ मला समजला, वापरही समजला, पण आमच्या भागात यजमान तो उच्चारत नाही. उच्चारला तर पाहुणा येणं बंद होतं. दोन महिन्यांनी उत्तर आलं. तुमचं म्हणणं आमच्या विभागात सर्वांना वाचून दाखवलं. इथल्या एका वृद्ध सहकाऱ्याने सांगितलं की त्याच्या गावीही असंच आहे, फक्त ते पुस्तकात लिहिलेलं नाही.

शेटजींचं काम पुढे पुष्कळ वर्षं चाललं. मध्ये शेटजी स्वतः वारले, दुकान त्यांच्या मुलाने सांभाळलं, तरी काम चालूच राहिलं. मी त्याविषयी कधी चकार शब्द काढला नाही. फक्त मनाला एक लागून राहिलं. मी न बोलता मानलेले आभार दादापर्यंत पोचले का? की मी त्याचं ते काम खरंच मानून बसलो आहे, अगदी भोळसट आहे, असं समजून तो गेला?

मागच्या पौषात तो शेतातून आला, ओट्यावर बसला आणि बसल्या जागी गेला. दिवसकार्य उरकल्यावर वहिनीने मला आत बोलावलं. तिच्या हातात दादाच्या बंडीतला कागदांचा पुडका होता. सातबाऱ्याची नक्कल, एसटीची जुनी तिकिटं आणि कडा झिजलेलं माझं पोस्टकार्ड.

"हे वळखता का भाऊजी?"

मी मान हलवली.

"हे आलं त्या दिवशी दोनदा वाचून घेतलं पोराकडून. मंग तिकडं आले अन् आधी शेटजीकडं गेले. विचारलं, मला बोलावल्तं का? शेटजी म्हणले, न्हाई बुवा." वहिनीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. "घरी येऊन मला म्हणतात, अगं, आपला साहेब खोटं बोलाया शिकला! दोन दिवस हसत होते. जनावरांना चारा टाकताना बी हसत होते. म्हणले, आता मरेपर्यंत जायला मोकळं झालं."

मी ते कार्ड मागितलं नाही. तिने पुन्हा पुडक्यात ठेवलं.

आता दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मी गावी जातो. आधी गावाजवळच्या जांबला उतरतो, समर्थांच्या देवळात. मी फारसा देवभोळा नाही, हे वहिनीला चांगलं ठाऊक आहे. पण देवळाच्या ओवरीत भिंतीला टेकून अर्धा तास बसतो. पाणी पितो, टोपी मी घालत नाही म्हणून चष्मा पुसतो. सावलीला बरं वाटतं. मग पिशवी उचलून दादाच्या घरी येतो आणि उघड्या दाराची कडी वाजवतो.

"जांबला दर्शनाला आलो होतो," मी म्हणतो. "म्हटलं, चक्कर टाकावी."

"झालं का दर्शन?"

"झालं."

परवाच्या शनिवारी वहिनीने चहाचा कप पुढे ठेवला आणि विचारलं, "चौथ्या शनवारी बी हाय का काम तिकडं?"

"आहे."

"मंग त्या दिवशी हुरडा काढते. दुपारच्या आत या, देवळात लई येळ बसू नका."